आधी पाड्याला विचारा

(उपनगरातील मंडळ्यांच्या आरोग्य स्वयंसेवकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज या सभागृहात अंधेरी, गोरेगाव, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर इथून स्वयंसेवक आले आहेत. कोणी परिचारिका आहेत, कोणी शिक्षिका आहेत, कोणी निवृत्तीनंतर या सेवेत आले आहेत. पावसाळा सरला की आपल्या शिबिरांचे दिवस सुरू होतात. डॉक्टर कोण येणार, औषधे कुठून मिळणार, टेबल-खुर्च्या कोण देणार, याच्या याद्या आपण करू लागतो. या सगळ्या याद्यांच्या आधी आणखी एक यादी यावी असे मला वाटते. आपण ज्या पाड्यात जाणार, त्या पाड्याला आरोग्याच्या बाबतीत सर्वांत आधी काय हवे आहे, ती यादी. ती कोणी करावी आणि कशी करावी, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे.

मोठ्या दवाखान्यांच्या सावलीत

आपले कार्यक्षेत्र थोडे वेगळे आहे. आदिवासी म्हटले की लोकांना जव्हार, मोखाडा, धडगाव, भामरागड आठवते. पण गोरेगावच्या आरे कॉलनीत सत्तावीसच्या आसपास पाडे आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पाडे आहेत आणि मुलुंडच्या डोंगरउतारावरही आदिवासी वस्त्या आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशी कुटुंबे तिथे राहतात. आरेची दूध वसाहत १९४९ साली उभी राहिली. लोक सांगतात की आपले आजे-पणजे त्याच्याही आधीपासून इथलेच.

या पाड्यांपासून काही किलोमीटरवर महापालिकेची मोठी रुग्णालये आहेत, खासगी रुग्णालये तर विचारूच नका. नकाशावर पाहिले तर इथे आरोग्यसेवेची काय कमतरता, असेच कोणीही म्हणेल. पण पाड्यातून डांबरी रस्त्यापर्यंत अंधारात चालत जायचे असते. तिथून रिक्षा मिळेलच असे नाही. केसपेपरची रांग सकाळची, आणि घरकामाला, माळीकामाला, गवत कापायला जाणाऱ्या माणसाची मजुरीही सकाळचीच. एक दिवस रांगेत गेला की त्या दिवसाची चूल कशी पेटायची? किलोमीटर मोजून हे अंतर कळत नाही. ते पाड्यातल्या माणसालाच ठाऊक असते, म्हणून त्यालाच विचारावे लागते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पालघर जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात राहणाऱ्या वारली भावाला १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेचा आधार दिला आहे. तिथे गाव आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीही असते. त्याच्याच नात्यातली बहीण गोरेगावला राहत असेल तर तिला ग्रामसभा नाही, कारण मुंबई उपनगर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. तिचे म्हणणे मांडायला ठरलेली जागाच नाही. म्हणून इथे कोणी बाहेरून येऊन तिच्यासाठी ठरवून टाकणे फार सोपे जाते. इथे काम करणाऱ्या आपल्यासारख्यांची जबाबदारी त्यामुळे वाढते.

चिंचोक्यांची बैठक

आम्ही एका पाड्यात ही यादी कशी केली ते सांगतो. पाड्याचे नाव मुद्दामच घेत नाही, तिथल्या लोकांना ते नको आहे.

रविवारी दुपारनंतर, सगळे घरी असतात त्या वेळी, आम्ही बसलो. चार गट केले: बाया, पुरुष, तरुण मुले-मुली आणि म्हातारी माणसे. चौघांची बसण्याची जागा वेगळी. हे महत्त्वाचे आहे. सासऱ्यासमोर सून अंगावरून पांढरे जाण्याविषयी बोलणार नाही आणि बापासमोर मुलगा दारूविषयी बोलणार नाही. प्रत्येक गटाने आधी आपापले त्रास सांगितले. प्रत्येक त्रासाचे चित्र आमच्या कार्यकर्तीने कागदावर काढले, कारण सगळ्यांना वाचता येत नाही. मग प्रत्येकाच्या हातात दहा चिंचोके दिले. जो त्रास मोठा वाटतो त्यावर जास्त ठेवा, लहान वाटतो त्यावर कमी, नसेल वाटत तर ठेवूच नका. कोणाला भाषण करावे लागले नाही. चिंचोके मोजले की गटाचे मत समोर.

तरुणांचे सर्वांत जास्त चिंचोके कशावर पडले असतील? पाड्याच्या नावाच्या पाटीवर. आजारी माणसासाठी १०८ ला फोन केला की गाडी निघते, पण मुख्य रस्त्यावरून आत कुठे वळायचे ते चालकाला कळत नाही. मग कोणीतरी मोबाईलचा उजेड दाखवत रस्त्यावर धावायचे. एका पोराने साधा हिशोब मांडला: पाटी लावली आणि रात्री येणाऱ्या रिक्षावाल्यांचे नंबर प्रत्येक घरात भिंतीवर लिहिले, तर सापाचे पान लागलेला माणूस वेळेत दवाखान्यात पोहोचेल. त्या मुलाचे म्हणणे वैद्यकशास्त्रालाही धरून होते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी काहीही चावले तरी चिरणे, चोखणे, करकचून बांधणे यात वेळ घालवायचा नसतो. तो अवयव न हलवता, धीर देत, विषावरची लस जिथे आहे तिथे लवकर पोहोचायचे असते.

बायांच्या गटाचे चिंचोके शौचालय आणि दिव्यावर पडले. या भागात बिबट्याचा वावर आहे, हल्लेही झाले आहेत. अंधार पडला की बाई बाहेर जायला भिते. एक बाय म्हणाली, "आम्ही दुपारनंतर पाणीच कमी पितो." आमच्याबरोबरच्या डॉक्टर ताई हे ऐकून माझ्याकडे पाहू लागल्या. मागच्या दोन शिबिरांत लघवीला जळजळ होते म्हणून कितीतरी बायांनी गोळ्या नेल्या होत्या. गोळ्या ठीकच होत्या, पण त्रासाचे एक मूळ दिव्याच्या खांबापाशी होते, आणि खांब काही कोणाच्या औषधाच्या पेटीत नसतो.

म्हाताऱ्यांनी गुडघे आणि डोळे सांगितले. पुरुषांनी रस्ता आणि पाणी सांगितले. दारूवर पुरुषांच्या गटात दोन चिंचोके पडले, बायांच्या गटात ढीग पडला. चारही गट एकत्र बसवून हे दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा थोडी खसखस पिकली, थोडी शांतताही पसरली. ती शांतता उपयोगी ठरली, कारण त्यानंतर हा विषय कोणाचे नाव न घेता बोलता आला.

आमच्या ठरलेल्या शिबिरात रक्तदाब आणि साखर तपासणे होते. त्यावर चारही गटांत मिळून मोजकेच चिंचोके पडले.

त्या संध्याकाळी पाड्याने तीन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली, नावाची पाटी आणि रात्रीच्या रिक्षांची यादी. दुसरी, दिवा आणि शौचालयासाठी अर्ज, पाड्याच्या सह्यांनिशी. तिसरी, शिबिर सकाळी नको, दुपारी तीननंतर हवे, आणि बायांना तपासायला बाई डॉक्टरच हवी. पाटी लागली. चार रिक्षावाले तयार झाले. शिबिराची वेळ बदलली आणि एरवी न येणाऱ्या बाया आल्या. दिव्याचा अर्ज अजून संबंधित कार्यालयात आहे, शौचालयाचाही. जमीन एका खात्याची आणि सोय करायची दुसऱ्याने, अशी ही गुंतागुंत आहे. आता पाठपुरावा पाड्यातल्याच तीन बाया करतात. पोच घेतलेल्या अर्जाची प्रत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे.

जामखेड आणि गडचिरोली

ही रीत आम्ही शोधलेली नाही. महाराष्ट्रात ती पन्नास वर्षांपूर्वीपासून आहे, आणि तिच्या मुळाशी आपल्याच परंपरेतले एक दांपत्य आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. १९७० साली ते तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडला आले. थोड्याच दिवसांत मोठा दुष्काळ पडला. लोकांना औषधापेक्षा पाणी आणि अन्न आधी हवे होते. डॉक्टरांनी ते मान्य केले आणि कूपनलिकांच्या कामाला हात घातला. हातपंप दलित वस्तीत बसवले, म्हणजे सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथे यावे लागले. जातीजातींची माणसे एकत्र यावीत म्हणून व्हॉलीबॉलचे सामने भरवले. शेतकऱ्यांची मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. पुढे गावानेच आपल्यातली एक बाई आरोग्य कार्यकर्ती म्हणून निवडायची, असे ठरले. त्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हते, कितीतरी जणी दलित समाजातल्या होत्या.

त्याचे फळ काय मिळाले? १९७१ साली तिथल्या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. पंचवीस वर्षांत ही संख्या तीसच्या खाली आली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातून होणाऱ्या आरोग्यकार्यावर एक पुस्तक काढले, त्यात जामखेडचा समावेश होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९७८ मध्ये, आल्मा-आटा इथे जगातल्या देशांनी जाहीरनामा केला. आपल्या आरोग्यसेवेच्या आखणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असे त्यात मान्य झाले. जिनिव्हाच्या ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाने त्याआधीची दहा वर्षे हाच विचार लावून धरला होता. म्हणजे मिशनच्या कामात ही गोष्ट परकी नाही, ती आपल्या घरातलीच आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून काम केले. सरकारी दवाखान्यात जायला आदिवासी का बिचकतात, हे त्यांनी लोकांनाच विचारले. मोठी इमारत, पांढऱ्या कपड्यांतली माणसे, नातेवाइकांना राहायला जागा नाही, अशी उत्तरे आली. म्हणून त्यांचा दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा उभा राहिला आणि त्याला लोकांच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. तोवर बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच धरले जात होते. बाया कधीपासून सोसत होत्या, त्यांना कोणी विचारले नव्हते. आणि दारू हा आरोग्याचाच प्रश्न आहे, हे तिथल्या लोकांनी लावून धरले, तेव्हा १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. आपल्या पाड्यातल्या बायांचा तो चिंचोक्यांचा ढीग आठवा.

"पण लोकांना काय कळते?"

ही शंका नेहमी येते, आणि ती सरसकट चुकीची नाही. रक्तदाब दुखत नाही. रक्तक्षय हळूहळू येतो. क्षयाच्या सुरुवातीला साधा खोकला वाटतो. आदिवासी समाजात आढळणारा सिकलसेल रक्त तपासल्याशिवाय दिसत नाही. यांच्यावर चिंचोके कमीच पडणार. म्हणून ते सोडून द्यायचे का? नाही. डॉक्टरांनीही आपले चिंचोके घेऊन त्या रिंगणात बसावे. काय दिसते आहे, का काळजी वाटते, हे त्यांच्या बोलीत सांगावे आणि मग पुन्हा मोजावे. आमच्या पाड्यात तसेच झाले. डॉक्टर ताईंनी खोकल्याविषयी सांगितल्यावर म्हाताऱ्यांच्या गटाने आपले काही चिंचोके उचलून तिकडे ठेवले. एक आजी म्हणाल्या, "आधी आमचं ऐकलंस, आता तुझं ऐकतो." ज्याचे ऐकून घेतले जाते, तो ऐकायला तयार होतो.

दुसरी शंका अधिक खोल आहे. पाडा म्हणजे कोण? प्रत्येक पाड्यात बोलका पुढारी असतो. बैठकीत तोच बोलतो आणि आपण लिहून घेतो की पाड्याने असे सांगितले. कडेला बसलेली कातकरी बाई, नवऱ्याने टाकलेली मुलगी, घरात पडून असलेला अपंग माणूस, यांचे काय? याचे उत्तर मला प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात सापडते. यरुशलेमेच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकूर सुरू झाली. प्रेषितांनी त्या कुरकुरणाऱ्यांना गप्प केले नाही. त्यांनी मंडळीला सांगितले, तुमच्यातून सात जण तुम्हीच निवडा. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या वाट्याला कमी येत होते, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटपाचे काम गेले. तक्रार ऐकून घेणे ही पहिली पायरी झाली, वाटपाची किल्ली देणे ही दुसरी. दुसऱ्या पायरीपर्यंत पोहोचणे कठीण असते, कारण तिथे आपली सोय सोडावी लागते.

आणि मार्काच्या शुभवर्तमानातला बार्तीमय तुम्हाला माहीत आहे. यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला आंधळा भिकारी. तो ओरडतो तेव्हा लोक त्याला गप्प राहा म्हणतात. प्रभू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो, तुझ्यासाठी मी काय करावे? तो आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसत होते. तरीही प्रभूने विचारले. त्याच्या तोंडून ते यावे, एवढा मान त्याला दिला. आपण डोंगरातल्या माणसाला एवढा मान देतो का, हे प्रत्येक शिबिराआधी स्वतःशी तपासून पाहू या.

शहरातली दारे

ग्रामसभा नाही म्हणून हातपाय गाळायचे कारण नाही. शहरातही काही दारे उघडी आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात महिला आरोग्य समितीची तरतूद आहे. पन्नास ते शंभर कुटुंबांमागे एक समिती आणि तिच्या हाती वर्षाला पाच हजार रुपयांचा निधी. रक्कम लहान आहे, पण ती कशावर खर्चायची ते बायांनी ठरवायचे असते. आपल्या पाड्याची समिती आहे का, तिची बैठक होते का, हे आशाताईंना विचारा. महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका वर्षानुवर्षे घरोघर फिरतात. कोणत्या घरात कोणती बाई दिवसांत आहे, कोणाच्या टीबीच्या गोळ्या मध्येच थांबल्या, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. त्यांना बैठकीत मानाने बसवा.

ग्रामीण महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला शेजारचा ठाणे जिल्हा होता. गावकऱ्यांनी सेवेचे प्रगतिपुस्तक भरायचे: डॉक्टर असतात का, औषध मिळते का, नीट बोलतात का. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचायचे. भांडण न करता, समोरासमोर, कागदावर. असे प्रगतिपुस्तक आपल्या शिबिराचेही असावे. आपणही कोणाला उत्तर देणे लागतो.

या तिमाहीत एवढे करू

शेवटी, कामाच्या चार गोष्टी. एक, या हंगामातल्या पहिल्या शिबिराची तारीख ठरवण्याआधी निदान दोन आठवडे पाड्यात बैठक घ्या, आणि बायांचा गट वेगळा बसवा. दोन, जे बैठकीला आले नाहीत त्यांच्या घरी जा. जो पडून आहे, जी कडेला बसते, त्यांचेही दहा चिंचोके मोजा. तीन, शिबिरासाठी किती पैसे आले आणि कशावर गेले, हे मोठ्या अक्षरात लिहून पाड्यात लावा, आणि पुढच्या शिबिराच्या खर्चाचा निदान काही भाग कशावर व्हावा हे पाड्याला ठरवू द्या. चार, पाड्याने "हे शिबिर आम्हाला नको" म्हटले, तर तेही उत्तर लिहून घ्या आणि मान्य करा. नाही म्हणण्याची मोकळीक असेल तरच त्यांच्या होकाराला किंमत आहे.

देणगीदारांना काय सांगायचे, अशी काळजी काही जणांना वाटेल. तपासलेल्या रुग्णांचा आकडा मोठा दिसतो, पाटीचा फोटो लहान दिसतो. त्यांना खरे ते सांगा. दीडशे जणांचा रक्तदाब मोजला हेही सांगा, आणि रात्री दीड वाजता रुग्णवाहिकेला पाडा सापडावा म्हणून पाड्याने पाटी मागितली, तुमच्या पैशातून ती लागली, हेही सांगा. आपले देणगीदार समंजस आहेत, त्यांना याचे मोल कळेल.

जाताना दाराशी चिंचोक्यांच्या पिशव्या ठेवल्या आहेत. प्रत्येक गटाने एक न्यावी. प्रभू तुमच्या सेवेला यश देवो.